न आलेला पेशंट

तर झालं असं, की परवा रात्री भाचीचा फोन आला. ती कॅलिफोर्नियात मेडिकलला आहे. (माझ्या बहिणीच्या भाषेत "आमची डॉक्टर", अजून झाली नसली तरी!) तिच्या कॉलेजात एक सोय आहे. चार वर्षांच्या एमडीमध्ये एक वर्ष वाढवायचं आणि सोबत एक मास्टर्स डिग्री घ्यायची. विषय 'हेल्थ इक्विटी', म्हणजे आरोग्यातली विषमता. उपचार कोणापर्यंत पोचतात, कोणापर्यंत पोचत नाहीत, आणि का.

"मामा, करू का?"

घरात आधीच दोन तट पडलेले. बहिणीचं म्हणणं, डोक्यावर एवढं कर्ज असताना अजून एक वर्ष कशाला? मेहुणे नेहमीप्रमाणे तटस्थ. मी पडलो इंजिनियर. लगेच विचारलं, "त्या पाचव्या वर्षाने पगार किती वाढणार?" ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मामा, तो प्रश्नच नाहीये."

हे मात्र लागलं. मग अख्खा वीकांत वाचण्यात घालवला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

मला पडलेला पहिला प्रश्न अगदी बाळबोध होता. डॉक्टरला हे वेगळं का शिकावं लागतं? लोक आजारी का पडतात हे मेडिकल कॉलेजात शिकवत नाहीत काय? शिकवतात, पण फार थोडं. आणि त्यामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या गृहस्थाने अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजं पाहून एक अहवाल लिहिला. हा माणूस डॉक्टर नव्हता बरं का, शाळा चालवणारा शिक्षक होता. त्याचं म्हणणं असं, की डॉक्टर प्रयोगशाळेत आणि मोठ्या हॉस्पिटलात घडला पाहिजे. अहवालामुळे बोगस कॉलेजांचा बाजार उठला, ही चांगली गोष्ट. पण त्या वेळी कृष्णवर्णीयांची जी सात मेडिकल कॉलेजं होती, त्यातली पाच पुढे बंद पडली. उरली फक्त हॉवर्ड आणि मेहॅरी. म्हणजे दर्जा वाढवता वाढवता एका अख्ख्या समाजाचे डॉक्टर तयार होण्याचीच वाट अरुंद झाली.

पाच वर्षांनी, १९१५ मध्ये, दुसरा एक अहवाल आला. लिहिणारे विल्यम वेल्च आणि विक्लिफ रोझ. त्यातून १९१६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र संस्था निघाली. हेतू उत्तम होता. पण झालं काय, की आजाऱ्यावर उपचार करणारे एका इमारतीत गेले आणि लोक आजारी का पडतात याचा विचार करणारे दुसऱ्या इमारतीत. मधला रस्ता ओलांडायची सक्ती कोणावरच नव्हती. आज भाची जी जोडडिग्री म्हणतेय, तो खरं तर तो रस्ता ओलांडायचा खटाटोप आहे.

रस्ता ओलांडून काय दिसतं? हे मला माझ्याच धंद्यातल्या उदाहरणाने कळलं. आपण सर्व्हरचे लॉग बघतो. किती रिक्वेस्ट आल्या, किती फेल गेल्या, किती वेळ लागला. सगळं हिरवं दिसलं की आपण खूश. पण ज्याच्या फोनवर आपलं पानच उघडलं नाही, तो लॉगमध्ये येतच नाही. त्याच्यापुरती आपली सिस्टिम शंभर टक्के बंद आहे आणि आपल्या आलेखात त्याचा ठिपकासुद्धा नाही. ओपीडीचं रजिस्टर हे असंच. त्यात आलेल्या पेशंटची नोंद असते. न आलेल्या पेशंटची नोंद कोण ठेवणार?

ही नोंद ठेवायला शिकलेला एक माणूस म्हणजे जॅक गायगर (१९२५-२०२०). हा मूळचा पत्रकार. क्लीव्हलंडला वेस्टर्न रिझर्व्हमध्ये तो मेडिकलला गेला तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. शिकत असतानाच १९५७ मध्ये तो काही महिने दक्षिण आफ्रिकेत गेला, नाताल प्रांतातल्या फोलेला नावाच्या झुलू लोकांच्या भागात. तिथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर जोडप्याने १९४० पासून एक आरोग्यकेंद्र चालवलं होतं. तिथली माणसं पेशंटची वाट बघत बसायची नाहीत. घरोघर जाऊन मोजणी करायची. कोणाच्या घरी किती मुलं, काय खातात, पाणी कुठून आणतात. औषधांच्या बरोबरीने भाजीपाल्याच्या बागा आणि संडास, हीसुद्धा तिथली उपचारपद्धती! गायगर परतला, १९५८ मध्ये डॉक्टर झाला, आणि मग हार्वर्डमधून साथरोगशास्त्राची मास्टर्स डिग्री घेतली.

पुढे १९६५ मध्ये काउंट गिब्सन या सहकाऱ्याबरोबर त्याने बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट या गरीब वस्तीत आरोग्यकेंद्र काढलं. सरकारच्या गरिबीविरोधी मोहिमेतून पैसा मिळाला. १९६७ मध्ये दुसरं केंद्र उघडलं मिसिसिपीत, माउंड बायू या गावी. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी १८८७ मध्ये वसवलेलं हे गाव. आजूबाजूला कापसाची शेतं, आणि यंत्रं आल्यामुळे त्या शेतांवरचं काम गेलेली कुटुंबं. केंद्रात येणारी मुलं कुपोषित होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर चक्क दूध, भाजी, मांस लिहून द्यायला सुरुवात केली. स्थानिक दुकानदार ते द्यायचे आणि बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यातून भागवायचे. तक्रार वरपर्यंत गेली, की औषधांचा पैसा अन्नावर कसा काय खर्च करता? गायगरचं उत्तर प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की आमच्या पुस्तकात तरी कुपोषणावरचं औषध अन्न हेच दिलंय! केंद्राने विहिरी खणल्या, संडास बांधले. जॉन हॅच या कार्यकर्त्याने लोकांना संघटित केलं आणि त्यातून सहकारी शेतीही उभी राहिली. त्या दोन केंद्रांपासून सुरू झालेल्या जाळ्यातून आज अमेरिकेत ३ कोटींहून जास्त लोकांना उपचार मिळतात.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं. मलाही तसंच वाटत होतं. पण जॉन्स हॉपकिन्सचा धागा धरून वाचत गेलो आणि थेट जामखेडला पोचलो. हॉपकिन्सला कार्ल टेलर नावाचे प्राध्यापक होते. जन्म मसुरीचा, पंजाबात नारंगवालला त्यांनी मोठं काम केलं होतं. त्यांच्याकडे शिकले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघेही वेल्लोरचे डॉक्टर. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याची डिग्री घेऊन १९७० मध्ये ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला येऊन राहिले. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कितीतरी जणी निरक्षर, दलित. त्यांनीच पुढे आपापल्या गावाचं आरोग्य सांभाळलं.

त्यानंतरचं जोडपं तर आपल्या सगळ्यांच्या माहितीतलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. दोघेही नागपूरला एमडी झालेले, म्हणजे डॉक्टर म्हणून शिकायचं काही राहिलं नव्हतं. तरी हॉपकिन्सला जाऊन १९८४ मध्ये मास्टर्स केलं आणि मग गडचिरोली गाठली. तिथे राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावातल्या! १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के.

हे दोन आकडे मी परत परत वाचले. उरलेल्या बायका कुठल्याच दवाखान्याच्या रजिस्टरात नव्हत्या. नुसत्या रजिस्टरवर भरवसा ठेवणारा कितीही हुशार डॉक्टर असता, तरी त्याला त्या दिसल्या नसत्या. पुढे १९९९ मध्ये बंगांचा नवजात बाळांवरचा अभ्यास आला. गावातल्या बाईला शिकवून घरीच बाळाची काळजी घेतली, तर ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. २०११ पासून ही पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. हे अंगणवाडीच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये आपण पाहिलेलं असतं, पण त्यामागे दोन इमारतींमधला रस्ता ओलांडलेली माणसं आहेत, हे लक्षात येत नाही.

असो. कॅलिफोर्नियात या विचाराला २००४ मध्ये अर्व्हाइनच्या विद्यापीठाने नेमकं रूप दिलं. लॅटिनो वस्त्यांमध्ये काम करणारे डॉक्टर घडवण्यासाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम, एमडी अधिक मास्टर्स. मग राज्य विद्यापीठाच्या इतर मेडिकल कॉलेजांनीही आपापल्या वेगवेगळ्या उपेक्षित समाजांसाठी असे अभ्यासक्रम काढले.

डिग्रीने सगळं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. गायगरला खरा धडा फोलेलात मिळाला, हार्वर्ड नंतर. जामखेडच्या त्या बायकांकडे तर शाळेचा दाखलाही नव्हता. उलट, नुसती सीव्हीवर अजून एक ओळ म्हणून हे वर्ष घालवणारेही असणारच. मोजायला शिकवणारी डिग्री मिळते. मोजायला कुठे जायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आणि बहिणीची कर्जाची काळजीही खोटी नाही. गरिबांसाठी काम करायला निघालेली मुलं कर्जाच्या हप्त्यांपायी श्रीमंतांच्या हॉस्पिटलात जाऊन बसतात, ही विषमतेतली अजून एक विषमता.

रविवारी रात्री तिला परत फोन लावला. म्हटलं, "पगाराचा प्रश्न मागे घेतो. मला एवढंच सांग, तुझ्या ओपीडीत कोण येत नाही?"

ती म्हणाली, "स्ट्रॉबेरीच्या शेतावरचे मजूर. दिवस बुडाला तर मजुरी बुडते. रात्री क्लिनिक बंद."

"किती आहेत ते?"

पलीकडे शांतता. मग हळूच म्हणाली, "तेच तर माहीत नाही ना, मामा."

निर्णय अजून झालेला नाही. फॉर्मची मुदत महिनाभर आहे. बहिणीला हे लिखाण पाठवलंय. अजून तिचा फोन नाही, म्हणजे बहुतेक वाचतेय... किंवा चिडलीय!