लहान खोलीत सबवूफर घेताना
दहा बाय बाराच्या खोलीत बारा इंची सबवूफर आणला की दोन दिवस मजा, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याची दारावर थाप. लहान खोलीत बेस कमी पडत नाही, तो घुमतो. १२ फूट लांबीला साधारण ४७ हर्ट्झचा सूर समोरासमोरच्या भिंतींत अडकून फुगतो. मग डग्गा काय नि ढोल काय, सगळं एकसारखंच ‘ढूं’.

म्हणून ८ इंची, बंद पेटीचा सबवूफर बहुतेकांना पुरतो. भोकाची पेटी दणका जास्त देते, पण जागाही जास्त खाते. खोक्यावरचे पीएमपीओचे हजारो वॅट सोडून द्यावेत, दुकानदाराला आरएमएस विचारावा.

खरी मेहनत जागा ठरवण्यात. सबवूफर आधी बसायच्या जागी ठेवून ओळखीचं गाणं लावावं आणि भिंतीकडेने रांगत फिरावं. घरचे हसतील, हसू देत. बेस जिथे स्वच्छ ऐकू येईल तिथे पेटी ठेवावी. कोपऱ्यात आवाज मोठा होतो, पण बहुधा गढूळ. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करून कानाने जुळवावा.

खाली जाड फोम घातला तर जमिनीची थरथर कमी होते. भिंतीपलीकडे जाणारा बेस मात्र फोमने थांबत नाही. रात्री दहानंतर आवाजाचं बटणच खाली आणावं लागतं.