स्ट्रीट फायटर २

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांसाठी प्रसृत केलेला द्वंद्वयुद्धाचा व्हिडिओ गेम. अकिरा निशितानी व अकिरा यासुदा हे त्याचे प्रमुख रचनाकार. आठ योद्ध्यांपैकी एकाची निवड करून, एक दांडी आणि ठोसे व लाथा यांची मिळून सहा बटणे यांच्या बळावर प्रतिस्पर्ध्यास नामोहरम करावयाचे, एवढाच वरकरणी मामला. परंतु दांडी खाली, मग तिरपी, मग पुढे फिरवून लगोलग ठोशाचे बटण दाबले असता र्‍यू या योद्ध्याच्या तळहातांतून जो तेजोगोल सुटतो, तो हमखास साधण्यासाठी बोटांना जो रियाज करावा लागतो, त्यातच या खेळाच्या मोहिनीचे बीज आहे. एका आघाताची हालचाल पुरी होण्यापूर्वीच दुसरा जोडता येतो, ही वास्तविक रचनेत अनवधानाने राहिलेली फट. निर्मात्यांनी ती बुजविली नाही, आणि पुढे तीच या साऱ्या खेळप्रकाराचा पाया ठरली. हरणाऱ्याने पुन्हा नाणे टाकावे, जिंकणाऱ्याने जागा राखावी, हा खेळघरांतील दस्तूर असल्याने शेजारी उभ्या अनोळखी माणसाशी होणारा सामना यंत्राशी झुंजण्यापेक्षा कितीतरी चुरशीचा होई. हातपाय लांबविणारा व मुखातून ज्वाला फेकणारा भारतीय योगी धालसिम मात्र पतंजलीपेक्षा जपानी चित्रकारांच्या कल्पनाशक्तीचाच अधिक ऋणी आहे.