एक पेनी, एक तिकीट

मंडळी, चर्चचे सभासदत्व जन्माने मिळते की कमवावे लागते? अठराव्या शतकातील मेथडिस्टांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर एका कर्जातून निघाले. (थ्रेड)

ब्रिस्टल, फेब्रुवारी १७४२. जॉन वेस्लीच्या अनुयायांनी १७३९ मध्ये बांधायला घेतलेल्या ‘न्यू रूम’ या सभागृहाचे कर्ज कसे फेडावे, याची चर्चा चालली होती. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेही जमणार नाही, असा आक्षेप निघाला. त्यावर तो म्हणाला, की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. त्यांना जमले नाही तर त्यांचे मी भरीन.

पेनी गोळा करण्यासाठी प्रमुख घरोघरी जाऊ लागले आणि घरातले दिसू लागले. अमुक एकाचे वागणे ठीक नाही, अशा वार्ता वेस्लीच्या कानी आल्या. वसुलीची व्यवस्था अशी देखरेखीची झाली. बारा जणांच्या या गटाला ‘क्लास’ म्हणत. पुढे भेटी थांबवून सर्वांना एकत्र बोलावण्याची प्रथा पडली. त्याचे एक कारण मला फार बोलके वाटते: कित्येकांचे मालक, मालकिणी किंवा नातेवाईक अशा भेटी घरात होऊ देत नसत.

इंग्लंडात जन्मलेले मूल बाप्तिस्म्याने गावच्या चर्चचे होई. मेथडिस्ट होण्यासाठी मात्र दर तिमाहीला नवे तिकीट मिळवावे लागे. ते नसेल तर सोसायटीच्या खासगी सभेत आणि प्रेमभोजनात प्रवेश नाही. पती सभासद आणि पत्नी बाहेर, किंवा उलट, हेही शक्य होते. अनेक क्लासच्या प्रमुख स्त्रिया होत्या. त्या काळी स्त्रियांना असा अधिकार क्वचितच मिळे.

ही कसोटी किती कठोर होती? मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसलला वेस्लीने ६४ जणांना काढल्याची नोंद आहे. मद्यपानासाठी १७, सवयीने खोटे बोलल्याबद्दल ३, पत्नीला मारल्याबद्दल १. सर्वांत मोठा आकडा २९, आणि त्यांचा दोष काय, तर उथळपणा आणि निष्काळजीपणा! पत्नीला मारणे हा घरातला मामला न मानता त्यासाठी माणसाला बाहेर काढले गेले, ही बाब दुर्लक्षू नये. पण त्याच नजरेने २९ जणांचा हलकेपणाही मोजला, हेही विसरू नये.

मग पिढ्या बदलल्या. मेथडिस्ट आईबापांची मुले संडे स्कूलमधून चर्चमध्ये आली. आपण इथलेच, ही त्यांची भावना तिकिटाच्या आधीची होती. दर आठवड्याला आत्म्याची विचारपूस त्यांना जाचक वाटू लागली. दक्षिण अमेरिकी संस्थानांतील मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने १८६६ मध्ये क्लासच्या हजेरीची सक्ती उठवली.

गंमत म्हणजे त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७१ मध्ये, अमेरिकी प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आला. परदेशी मिशनच्या पैशाशिवाय चालणारी मंडळी उभारताना त्याने घराघरांत जमणाऱ्या छोट्या गटांचाच आधार घेतला. घरी सभा भरवू द्यायला एखादे कुटुंब तयार होणे, इथपासून ते काम सुरू होई.

ब्रिटनमधली ती जुनी तिकिटे आज कोण शोधते? बहुतांशी वंशावळी लावणारे लोक. माणसाला कुटुंबाहेरची ओळख देणारा तो चिटोरा आता पणजीचा पुरावा म्हणून जपला जातो.