बाबर खरबूज कापताना का रडला?

आज एक बादशहा आणि एक खरबूज. कलिंगड नाही हं, खरबूज.

१५२९ ची सुरुवात. पानिपत जिंकून तीन वर्षं होत आलीत. बाबर काबूलला त्याच्या जुन्या साथीदाराला, ख्वाजा कलानला पत्र लिहितो: परवा कुणी खरबूज आणलं, कापून खाल्लं आणि मला रडूच आलं. त्याच्या आत्मचरित्रात, म्हणजे बाबरनाम्यात हे आहे.

आता हा माणूस मूळचा फरगान्याचा, आजच्या उझबेकिस्तानातला. तिथल्या अख्सीच्या खरबुजांना जगात तोड नाही, असं त्याचं ठाम मत. हिंदुस्थानात आल्यावर त्याने तक्रारींची यादीच केली: चांगले घोडे नाहीत, बर्फ नाही, द्राक्षं नाहीत, खरबूज नाही.

पण फरगान्यात असं काय होतं? सोपं आहे. खरबुजाची साखर पानं बनवतात, उन्हात. फळात स्टार्चचा साठा नसतो, त्यामुळे तोडल्यावर ते मऊ होईल, वास सुटेल, पण गोडी वाढणार नाही. साखर भरते ती वेलीवर, शेवटच्या दिवसांत. आणि रात्री वेल श्वसनात तीच साखर खर्च करतो. रात्र जितकी उकाड्याची, तितका खर्च जास्त. म्हणजे दिवसा चार्जिंग, रात्री बॅटरी उतरणार. फरगान्यात उन्हाळा कोरडा, ऊन कडक, रात्री गार, पाणी कालव्याचं. चार्जिंग फुल, खर्च कमी!

बाबरची ती यादी आजही सगळे सांगतात. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. त्याने आग्र्यातल्या आपल्या बागेत बल्खच्या एका माळ्याकडून खरबूज लावून घेतलं. १५२९ च्या उन्हाळ्यात फळं आली. लहान, पण उत्तम. हिंदुस्थानात असं पिकलं याचं त्याला फार समाधान वाटलं, आणि तेही त्याने स्वतःच लिहून ठेवलं.

आग्र्याची रात्र गार नव्हती, पण पावसाआधीचं ते कोरडं, लख्ख ऊन होतं. जमीन नालायक नव्हती. योग्य बी, योग्य माळी आणि योग्य महिना जुळायचा होता.

आपल्याकडेही नदीच्या वाळूतलं खरबूज उन्हाळ्यातच येतं. अवकाळी पाऊस, चार दिवस ढग, की फळ पाणचट. तेव्हा फळवाल्याशी भांडू नका. आधी आठवा, गेल्या आठवड्यात ऊन होतं का?

भेटू पुढच्या भागात!