साथकाळातील शासकीय साहाय्य : ताथवडे परिसरातील वाहतूक व प्रवास व्यवसाय

कोविड-19 च्या साथीत (2020–22) रिक्षा, टॅक्सी, खासगी प्रवासी बस, स्कूल बस, मालवाहतूक, सार्वजनिक बससेवा आणि सहल-पर्यटन या व्यवसायांना केंद्र व राज्य शासनाने दिलेली मुदतवाढ, कर्जहमी, करमाफी आणि रोख मदत. यातील बहुतेक व्यवसाय पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम कडेला असलेल्या ताथवडे परिसरात एकमेकांना खेटून चालतात; त्यामुळे कोणती मदत कोणापर्यंत पोहोचली हे पाहण्यास हा परिसर सोयीचा आहे. साहाय्याचा मोठा भाग मुदत आणि कर्ज या रूपांत आला. थेट पैसा थोडा होता, आणि तोही परवाना ज्याच्या नावावर त्यालाच मिळाला.

परिसर : ताथवडे 2009 मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. राष्ट्रीय महामार्ग 48 चा कात्रज–देहूरोड बाह्यवळण मार्ग येथून जातो. वाकड, पुनावळे, रावेत ही शेजारची उपनगरे. हिंजवडीची माहिती तंत्रज्ञान नगरी हाकेच्या अंतरावर आणि चाकण–तळेगावचा कारखानदारी पट्टा उत्तरेला. गावात अभियांत्रिकी व व्यवस्थापन शिक्षणाच्या मोठ्या संस्था आहेत. साहजिकच ‘एमएच-14’ क्रमांकाच्या अनेक गाड्यांची रोजीरोटी या रस्त्यांवर आहे : कंपनीला लावलेल्या कॅब व बस, विद्यार्थ्यांच्या बस, डांगे चौकाकडे सीट भरून जाणाऱ्या शेअर रिक्षा, बाह्यवळणावर रात्री थांबणाऱ्या लांब पल्ल्याच्या ‘ट्रॅव्हल्स’ आणि सुटे भाग वाहणारे टेम्पो-ट्रक. यांपैकी पहिल्या दोन प्रकारांना टाळेबंदी उठल्यानंतरही काम मिळाले नाही. कंपन्या घरून चालत होत्या आणि वर्ग मोबाइलवर भरत होते. मालवाहतुकीला मात्र टाळेबंदीतही परवानगी होती. कारखाने सुरू होताच तिची चाके तुलनेने लवकर फिरली.

साथ आणि निर्बंध : महाराष्ट्रातील पहिल्या रुग्णांची नोंद 9 मार्च 2020 रोजी पुण्यात झाली. ते दुबईच्या सहलीहून परतलेले दांपत्य होते. त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक लगेचच बाधित आढळला. पिंपरी-चिंचवडमधील पहिले रुग्णही त्याच सहलीतील होते. राज्याने 13 मार्चपासून साथरोग अधिनियम 1897 लागू केला. पुण्या-मुंबईतील प्लेगच्या वेळी झालेल्या या कायद्यात प्रवाशांची तपासणी करण्याचे अधिकार आहेत; खर्च कोणी सोसायचा हे ठरवण्याच्या तरतुदीत भरपाईचा उल्लेख केवळ ‘असल्यास’ एवढाच येतो. गाडी बंद ठेवावी लागली म्हणून भरपाई मिळण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नाही. पुढील सर्व साहाय्य शासनाच्या स्वतंत्र निर्णयांतून आले. 25 मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. देशांतर्गत विमानसेवा 25 मे 2020 रोजी, एसटीची आंतरजिल्हा सेवा 20 ऑगस्टला आणि पुणे महानगर परिवहन महामंडळाची (पीएमपीएमएल) दोन्ही शहरांतील सर्वसामान्य प्रवाशांसाठीची सेवा 3 सप्टेंबरला पुन्हा सुरू झाली. खासगी वाहनांना जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी लागणारा ई-पास सप्टेंबरच्या आरंभी रद्द झाला.

मुदतवाढ : सर्वांपर्यंत पोहोचलेली मदत ही होती. रस्ते वाहतूक मंत्रालयाने 30 मार्च 2020 रोजी वाहन चालवण्याचा परवाना, योग्यता प्रमाणपत्र (बोलीभाषेत ‘पासिंग’), परमिट व नोंदणी यांची मुदत वाढवली. 1 फेब्रुवारी 2020 नंतर संपलेली कागदपत्रे टप्प्याटप्प्याने 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत वैध मानली गेली. राष्ट्रीय महामार्गांवरील टोलवसुली 26 मार्चपासून 19 एप्रिल 2020 पर्यंत थांबवण्यात आली. त्याचा लाभ अर्थातच त्या काळात धावणाऱ्या मालवाहू गाड्यांना झाला.

हप्ते व व्याज : रिझर्व्ह बँकेने 27 मार्च 2020 रोजी कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती देण्याची मुभा बँकांना व वित्तसंस्थांना दिली; पुढे ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. ही तरतूद परिसरातील गाडीमालकांना विशेष महत्त्वाची होती. राज्याने 2017 मध्ये रिक्षा परवान्यांच्या संख्येवरील मर्यादा उठवल्यानंतर अनेकांनी कर्ज काढून रिक्षा घेतल्या होत्या. कंपनीला लावलेल्या कॅबही बहुधा फायनान्सवरच्याच. स्थगितीत हप्ता थांबला तरी व्याज चढतच राहिले. ‘व्याजावरील व्याजा’चा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा केंद्राने ऑक्टोबर 2020 मध्ये दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवरील सहा महिन्यांच्या चक्रवाढ व सरळ व्याजातील फरक परत करण्याची योजना आणली. उदाहरणार्थ, 12 टक्के वार्षिक व्याजाने 4 लाख रुपये बाकी असतील, तर सहा महिन्यांचे सरळ व्याज 24,000 रुपये आणि मासिक चक्रवाढीने सुमारे 24,608 रुपये होते. परत मिळणारी रक्कम यांतील फरकाएवढी, म्हणजे सुमारे 608 रुपये. मूळ 24,000 कर्जदाराच्याच माथी. 23 मार्च 2021 च्या निकालात न्यायालयाने स्थगितीकाळातील चक्रवाढ व्याज सर्वच कर्जांबाबत अमान्य केले. मात्र पूर्ण व्याजमाफीची मागणी फेटाळली.

कर्जहमी : मे 2020 मध्ये ‘आत्मनिर्भर भारत’ घोषणांतून 3 लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना आली. 29 फेब्रुवारी 2020 रोजी बाकी असलेल्या कर्जाच्या 20 टक्क्यांपर्यंत नवे कर्ज विनातारण मिळत असे; मुदत चार वर्षे, त्यात पहिले वर्ष मुद्दलफेडीपासून मोकळे. केंद्राची शंभर टक्के हमी होती, पण ती बँकेला; गाडीमालकाला कर्ज फेडायचेच होते. शिवाय आधीचे कर्ज असणे आणि ते फारसे थकलेले नसणे ही पात्रतेची अट होती. चार-सहा बस बाळगणाऱ्या व्यावसायिकाला ती झेपणारी होती. रोख पैशांनी जुनी गाडी घेतलेल्या चालकाला या योजनेत दारच नव्हते. मार्च 2021 च्या तिसऱ्या टप्प्यात प्रवास, पर्यटन व आतिथ्य ही क्षेत्रे घेऊन मर्यादा 40 टक्क्यांवर नेण्यात आली. 28 जून 2021 रोजी मान्यताप्राप्त सहल व्यावसायिकांना 10 लाख आणि पर्यटक मार्गदर्शकांना 1 लाख रुपयांपर्यंत हमीसह कर्ज जाहीर झाले. पर्यटन मंत्रालयाची मान्यता असलेले असे व्यावसायिक देशभरात 904 होते. गल्लीतल्या गाळ्यात अष्टविनायक किंवा कोकण सहलींचे आरक्षण घेणारे दुकान त्यांत बसत नव्हते.

करमाफी : राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2020 मध्ये वार्षिक कर भरणाऱ्या व्यावसायिक वाहनांना 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर 2020 या सहा महिन्यांचा कर माफ केला. सुमारे 11 लाख 40 हजार वाहनांना लाभ आणि शासनावर 700 कोटी रुपयांचा भार असा अंदाज होता. मागील थकबाकी भरलेली असणे आवश्यक होते. स्कूल बसना पुढे 31 मार्च 2022 पर्यंत, म्हणजे दोन वर्षांची, पूर्ण करमाफी मिळाली. शाळा बंद असल्याने त्यांच्या गाड्या सर्वाधिक काळ जागच्या हलल्या नव्हत्या. याच काळात इंधनाचा भार मात्र वाढत गेला : केंद्राने 5 मे 2020 रोजी डिझेलवरील शुल्क लिटरमागे 13 रुपयांनी वाढवले, त्यात 10 रुपयांची कपात नोव्हेंबर 2021 मध्ये झाली.

रोख मदत : दुसऱ्या लाटेत, 13 एप्रिल 2021 रोजी, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ‘ब्रेक द चेन’ निर्बंधांबरोबर 5,476 कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी 1,500 रुपये होते. घोषणेत लाभार्थी 12 लाख सांगितले गेले. अंमलबजावणी मात्र सुमारे 7 लाख 15 हजार परवान्यांच्या हिशेबाने झाली. अर्ज ऑनलाइन करायचा आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येणार, अशी पद्धत होती. 14 एप्रिलच्या रात्रीपासून मे अखेरपर्यंतचे सुमारे 48 दिवस धरले, तर ही रक्कम दिवसाला 31 रुपयांच्या आसपास येते. रिक्षा बंद नव्हत्या; चालकासह दोन प्रवाशांना मुभा होती. परंतु शेअर रिक्षाचे गणितच सीट भरण्यावर चालते.

या मदतीतील मुख्य त्रुटी परवाना आणि चालक यांतील फरकाची होती. बॅज (प्रवासी वाहन चालवण्याची अधिकृत मुभा) असलेला, पण दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर किंवा रोजाच्या भाड्याने चालवणारा चालक परवानाधारक नव्हता. टॅक्सी व कंपनीच्या कॅबचे चालक, बसचे क्लीनर यांचा या रकमेत समावेश नव्हता. इतर राज्यांनी रेषा वेगळी आखली होती : कर्नाटकाने मे 2020 मध्ये रिक्षा आणि टॅक्सी अशा दोन्ही चालकांना 5,000 रुपये जाहीर केले, आंध्र प्रदेशात आधीपासूनची 10,000 रुपयांची वार्षिक योजना त्या वर्षी जूनमध्येच वाटण्यात आली.

सार्वजनिक सेवा : पीएमपीएमएलची संचलन तूट पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिका 60 : 40 या प्रमाणात सोसतात, प्रवासी नसतानाच्या काळातही हाच आधार उपयोगी पडला. एसटीचे उत्पन्न बुडाल्याने कर्मचाऱ्यांचे पगार रखडले. राज्याने नोव्हेंबर 2020 मध्ये 1,000 कोटी रुपये जाहीर केले आणि 2021 मध्ये आणखी हप्ते दिले. महामंडळाने मे 2020 मध्ये मालवाहतूकही सुरू केली. तरी वेतनाचा व शासनात विलीनीकरणाचा प्रश्न चिघळून ऑक्टोबर 2021 मध्ये संप झाला. तो एप्रिल 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मिटला. पिंपरीच्या वल्लभनगर एसटी आगारातून सुटणाऱ्या गाड्यांच्या प्रवाशांनी अशा रीतीने साथीनंतर दुसरी बंदी अनुभवली.

तुलना व मूल्यमापन : अमेरिकेने मार्च 2020 च्या कायद्याने प्रवासी विमान कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी 25 अब्ज डॉलर आणि सार्वजनिक वाहतूक सेवांना तेवढीच रक्कम दिली. जर्मनीने लुफ्तान्साला 9 अब्ज युरोंचे साहाय्य देताना कंपनीत 20 टक्के हिस्सा घेतला. जपानने प्रवाशालाच सवलत देऊन सहली वाढवण्याचा प्रयोग केला. साथ वाढल्यावर तो डिसेंबर 2020 मध्ये थांबवावा लागला. भारतात भर पतपुरवठ्यावर राहिला. त्यामुळे ज्यांचे व्यवहार बँकेत व परिवहन कार्यालयात नोंदलेले होते ते व्यवसाय तगले. भाड्याच्या गाडीवर राबणाऱ्याचे नाव परवान्यावर नसल्याने त्याला काय द्यायचे हा प्रश्नच पुढे आला नाही. रिक्षा संघटना कल्याणकारी मंडळाची मागणी साथीपूर्वीपासून करत होत्या. ऑटोरिक्षा व मीटर टॅक्सी चालकांसाठीच्या अशा मंडळाला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली. त्यात नाव नोंदवण्याचा आधार परवान्याऐवजी चालक असणे हा धरला गेला, तरच 2021 मध्ये वगळला गेलेला शिफ्टचा चालक पुढच्या आपत्तीत यादीत सापडेल.