भाऊसाहेबांचा तोतया

मनुष्य खोटें बोलतो तें लोभानें किंवा भयानें, असें सामान्यतः मानण्यांत येतें. या समजुतींत तथ्य आहे. परंतु टाळी एका हातानें वाजत नाहीं. असत्य बोलणाराच्या मुखांत जन्मतें खरें, पण तें वाढतें ऐकणाराच्या मनांत. मराठ्यांच्या इतिहासांत या गोष्टीचें सदाशिवरावभाऊंच्या तोतयाइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा संहार झाला. विश्वासराव गोळी लागून पडले; त्यांचें शव पुष्कळांनीं पाहिलें. भाऊसाहेब मात्र रणाच्या गर्दींत शिरले ते आपल्या माणसांच्या दृष्टीस पुनः पडले नाहींत. पुढें शिर नसलेलें एक धड सांपडलें व तें त्यांचें मानून अग्निसंस्कार झाला. परंतु ही वार्ता पुण्यास कळली ती दूरच्या पत्रांवरून. पानिपतास गेलेलीं असंख्य माणसें परतलीं नव्हतीं. ‘कोठें तरी अडकले असतील, येतील’ ही आशा अशा घरांतून सहजासहजीं विझणारी नव्हती. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः त्या रणावरून वांचून आल्या होत्या. पति गेल्याचें त्यांनीं मानलें नाहीं, आणि कपाळींचें कुंकूही पुसलें नाहीं.

लढाईस थोडींच वर्षें झालीं तोंच उत्तरेकडे एक मनुष्य आपणच भाऊसाहेब आहों असें सांगूं लागला. चेहरेपट्टींत कांहींसें साम्य होतें म्हणतात. माधवराव पेशव्यांनीं चौकशी करविली, तेव्हां तो सुखनिधान नांवाचा कनोजी ब्राह्मण ठरला. त्यास कैदेंत टाकण्यांत आलें व अखेरीस त्याची रवानगी रत्नागिरीच्या किल्ल्यांत झाली. प्रथम त्याचा हेतु अन्नवस्त्र व मान यांपुरताच असेल. परंतु लोक एकदां मुजरे करूं लागले, म्हणजे खोटें बोलणारास मागें फिरण्याची वाट राहत नाहीं. एक असत्य झांकण्यास दुसरें लागतें, आणि दुसऱ्यास तिसरें.

पुढें राज्याचे दिवस फिरले. माधवराव १७७२ सालीं वारले. १७७३ सालीं नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. गादीवर दोन वर्षांचें मूल राहिलें. अशा वेळीं, १७७६ सालीं, रत्नागिरीचे अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनीं या कैद्यास बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून पुढें केलें. कोंकणांतील किल्ल्यामागून किल्ले त्याच्या हातीं गेले व हजारों माणसें त्याच्या निशाणाखालीं जमलीं.

हे सर्वच फसले होते असें मात्र नव्हे. कांहींस कारभाऱ्यांवरील राग काढावयाचा होता, कांहींस लूट हवी होती; तो खरा कीं खोटा, हें ठरविण्याची त्यांस निकडच नव्हती. ज्यांचा मुलगा किंवा भाऊ पानिपताहून परतला नव्हता, त्यांची गोष्ट निराळी. भाऊसाहेब पंधरा वर्षांनीं परत येऊं शकतात, तर आपलाही मनुष्य कां येणार नाहीं? त्यांस तोतयांत स्वतःच्या आशेचाच पुरावा दिसला असल्यास नवल नाहीं. नाना फडणीस पानिपतावर हजर होते व भाऊसाहेबांस जवळून ओळखत होते. तरी त्यांची साक्ष सर्वांस पटली नाहीं, कारण सत्ता त्यांच्याच हातीं होती. सत्य सांगणाराचा स्वार्थ दिसूं लागला कीं सत्यासही बट्टा लागतो.

अखेर महादजी शिंद्यांच्या फौजेपुढें तोतयाचें बळ मोडलें. पळून जात असतां रघोजी आंग्रे यांनीं त्यास पकडलें, आणि डिसेंबर १७७६ मध्यें पुण्यास त्याला देहान्त शासन झालें. संकटांत सांपडलेल्या राज्याचें द्रव्य व फौज जवळजवळ वर्षभर एका खोट्या नांवापायीं खर्ची पडली.

पार्वतीबाई १७८३ पर्यंत हयात होत्या, आणि अखेरपर्यंत त्यांनीं सौभाग्यचिन्हें टाकलीं नाहींत. त्यांच्या समजुतीस धक्का लावणें आप्तांस व दरबारास जड गेलें असल्यास त्यांस दोष कोण देईल? त्या दयेस कोणी असत्य म्हणणार नाहीं. तथापि ज्या घरांत गेलेला धनी जिवंत मानला जातो, त्या घराच्या दारांत कोणीही उपरा धनी म्हणून येऊन उभा राहूं शकतो. सुखनिधानानें नेमकें हेंच हेरलें होतें.