परिस्रावी उदर ते स्पंज-उपचार : आतड्याच्या जोडातील गळतीवरील उपचारांचा इतिहास (नंदाखाल-वसई परिसराच्या संदर्भात)

आतड्याचा रोगग्रस्त भाग काढून उरलेली दोन टोके एकमेकांस जोडणे ही आज नित्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तथापि हा जोड उसवला आणि आतड्यातील मळ पोटाच्या पोकळीत झिरपू लागला, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. शल्यविशारद यास 'लीक' म्हणतात. गुदाशयाच्या खालच्या भागातील जोडांत शंभरांपैकी सुमारे पाच ते पंधरा रुग्णांवर हे संकट ओढवते आणि त्याचा दोष नेहमीच शल्यविशारदाच्या हाताचा असतो, असे नाही. पोट पुन्हा न उघडता या गळतीवर करावयाच्या उपचारांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला असून, महानगराच्या वेशीवरील नंदाखालसारख्या गावातील रुग्णाला ते कितपत लाभतात, याचाही विचार केला आहे.

गळतीची जाणीव भारतीय वैद्यकास प्राचीन काळापासून होती. सुश्रुतसंहितेत उदररोगाचे आठ प्रकार सांगितले असून त्यांपैकी एकाचे नावच 'परिस्रावी' असे आहे. अन्नाबरोबर पोटात गेलेल्या शल्यामुळे आतडे विदीर्ण होते व त्यातून पाण्यासारखा स्राव बाहेर पडतो, असे त्याचे वर्णन आहे. चिकित्सास्थानात यावर शस्त्रकर्म सांगितले आहे. शल्य काढून टाकावे, आतड्याच्या छिद्राच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांकडून चावा घेववावा आणि मुंग्यांची धडे तोडून डोकी तशीच राहू द्यावीत, असा तो विधी होय. यात आजच्या स्टेपलरचे बीज पाहण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. कारण या विधीची परंपरा पुढे अखंड चालली नाही. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने डल्हणाच्या टीकेसह ही संहिता छापली, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातून (स्थापना १८४५) पाश्चात्त्य शल्यविद्येच्या पिढ्या बाहेर पडू लागून बराच काळ लोटला होता.

त्या शल्यविद्येत आतड्याच्या जोडाचे शास्त्र एकोणिसाव्या शतकात घडले. आतड्याचा बाह्य पडदा बाह्य पडद्यास भिडला तरच जोड सांधतो, हे तत्त्व फ्रान्सच्या आंत्वान लांबेर यांनी १८२६ साली मांडले. १८९२ साली शिकागोच्या जॉन मर्फी यांनी टाक्यांऐवजी धातूचे बटण वापरून जोड साधला. विसाव्या शतकात स्टेपलर आले. जोडण्याची साधने अशी सुधारत गेली. परंतु जोड उसवल्यावर करावयाचे ते मात्र फारसे बदलले नाही. पोट पुन्हा उघडावे, धुवावे, आतड्याचे टोक त्वचेवर काढून तेथे पिशवी लावावी, हाच मार्ग होता. आधीच खंगलेल्या रुग्णास ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा जड जाई.

हे चित्र पालटण्यास दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. पहिली म्हणजे सीटी स्कॅन. पोटात पू नेमका कोठे साठला आहे हे त्यामुळे दिसू लागले आणि त्वचेतून सुई व नळी घालून त्याचा निचरा करणे शक्य झाले. बॉस्टन येथील गेर्झॉफ व सहकाऱ्यांनी या पद्धतीचा पाच वर्षांचा अनुभव १९८१ साली प्रसिद्ध केला.

दुसरी गोष्ट म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि येथे मुंबईचे स्थान मोठे आहे. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांनी १९७२ पासून दुर्बिणीने पोटाची तपासणी सुरू केली. महागड्या तपासण्या दुर्मीळ असलेल्या सार्वजनिक रुग्णालयात पोटाच्या क्षयासारख्या रोगांचे निदान त्यामुळे पोट न फाडता होऊ लागले. १९९० साली त्यांनी तेथेच दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. विकसनशील देशांतील ती पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. मोठ्या आतड्यासाठी हे तंत्र १९९१ पासून वापरात आले. गळती लवकर लक्षात आल्यास पूर्वीच्याच छिद्रांतून दुर्बीण घालून पोट धुणे, निचरा नळी ठेवणे व तात्पुरती पिशवी काढणे आता शक्य झाले.

यापुढचे पाऊल जर्मनीत पडले. म्युनिक येथील वायडेनहागेन व सहकाऱ्यांनी गुदमार्गे एंडोस्कोप घालून गळतीच्या पोकळीत स्पंज बसवला आणि तो शोषक पंपाला जोडला. २९ रुग्णांवरील हा अनुभव २००८ साली प्रसिद्ध झाला. पंप स्राव ओढून घेतो, पोकळी आकसते व तिच्या भिंतीवर नवे मांस धरते. संपूर्ण पोटात मळ पसरला असेल, तर मात्र यांपैकी नुसती नळी वा स्पंज पुरेसा होत नाही. शस्त्रक्रियेला पर्याय राहत नाही.

नंदाखाल हे विरारच्या पश्चिमेस, रेल्वे आणि समुद्र यांच्यामधील वाड्यांच्या पट्ट्यात वसलेले गाव. विरारपर्यंत विजेची लोकल १९३६ साली आली आणि मुंबईतील मोठी रुग्णालये या पट्ट्याच्या आवाक्यात आली. तरीही विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटर आहे. गळतीचा रुग्ण लोकलच्या गर्दीत उभा राहू शकत नाही, आणि रस्त्याने किती वेळ लागेल हे वाहतुकीवर ठरते. वसईत बंगली येथील कार्डिनल ग्रेशस रुग्णालयासारख्या संस्था आहेत. पण रात्री-अपरात्री सीटी, नळी घालणारा क्ष-किरणतज्ज्ञ आणि एंडोस्कोपीतज्ज्ञ हे तिघेही एकाच छपराखाली मिळणे ही महानगरातही गृहीत धरण्याजोगी बाब नाही.

येथे एक विपरीतता दिसते. उघड्या शस्त्रक्रियेच्या काळात रुग्ण आठ-दहा दिवस वॉर्डात असे. गळती सामान्यतः पाचव्या ते आठव्या दिवशी प्रकट होते. म्हणजे ती डॉक्टरांच्या देखत होई. लहान छिद्रांच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातो. ताप, वाढलेली नाडी, फुगलेले पोट ही लक्षणे आता घरच्यांनी ओळखायची असतात, आणि 'वायू धरला असेल' असे म्हणून एक रात्र सहज निघून जाते. या आजारात एक रात्र फार असते. वेळीच उपचार सुरू झाले, तरी स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो आणि हे काही आठवडे चालते. प्रकृती सुधारलेल्या रुग्णास यासाठी घरून ये-जा करण्याची मुभा काही ठिकाणी दिली जाते. वाडीत रोजावर राबणाऱ्या नंदाखालच्या माणसाला ती घ्यायची, तर प्रत्येक खेपेस त्याचा आणि सोबत येणाऱ्याचा असे दोन रोज बुडतात.